कार्ड मिळालं, आता नेत्राणी: सर्टिफाइड डायव्हरच्या पहिल्या गाइडेड ट्रिपची तयारी

मालवण-तारकर्लीला आपण जो 'स्कूबा' करतो, त्यात इन्स्ट्रक्टर मागून आपला टँक घट्ट धरून असतो. आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा, माशांच्या गर्दीत हात हलवायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा नि तर्जनी जोडून दाखवायची. किती खोल गेलो, हवा किती उरली, वर कधी यायचं, हे सगळं तो बघतो. ओपन वॉटरचं, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणाऱ्या पहिल्या कोर्सचं कार्ड मिळाल्यावर पहिल्या ट्रिपला तो मागचा हात नसतो. गाइड असतो, पण तो पुढे असतो, आणि त्याचं काम वाट दाखवण्याचं. तुमची हवा, तुमची खोली, तुमचा जोडीदार ही जबाबदारी तुमची. हे मला बोटीवर बसल्यावर कळलं, घरी कळायला हवं होतं. म्हणून हा लेख.

उदाहरण नेत्राणीचं घेते, कारण मुंबई-पुणे-गोव्याकडच्या बहुतेक नव्या डायव्हरांची पहिली खरी ट्रिप तिथेच होते. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून साधारण 19 किलोमीटर आत समुद्रात हे ओसाड बेट आहे. वरून बदामाच्या आकाराचं दिसतं म्हणतात. मला ते दरवेळी पाण्याच्या पातळीवरूनच दिसलं असल्याने एक मोठा काळपट कडा एवढंच ठाऊक. इंग्रजांनी नाव ठेवलं पिजन आयलंड. कबुतरं आहेतच, शिवाय पांढऱ्या पोटाचे समुद्री गरुड कड्यावर घिरट्या घालतात. डाइव्ह ट्रिपमध्ये बेटावर उतरायचं नसतं, सगळं काही बोटीवरून.

कधी जायचं, कसं जायचं

पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत बोटी जातात, पण तारीख हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. मेमध्ये पाणी गरम आणि आकाश निळं असलं तरी वारा कधी उठेल याचा नेम नसतो. दृश्यमानता एखाद्या दिवशी 20 मीटर मिळते, एखाद्या दिवशी 6. ती सांगणारा ज्योतिषी अजून जन्माला यायचाय. म्हणून ट्रिपचा एक दिवस आणि शिवाय एक राखीव दिवस असंच बुकिंग करा. समुद्र खवळला म्हणून ट्रिप रद्द झाली तर रागावू नका. अशा दिवशी रद्द न करणाऱ्यावर रागावा.

मुंबईहून सोपी गाडी म्हणजे मत्स्यगंधा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारी सुटते आणि पहाटे मुरुडेश्वरला सोडते. मात्र पहाटे उतरून त्याच सकाळी बोटीवर चढू नका. झोप न झालेला माणूस, रिकामं पोट आणि लाटा हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते बोटीच्या कठड्याला विचारा. आदल्या दिवशी पोचा, संध्याकाळी 123 फुटांच्या शंकराच्या मूर्तीपाशी फिरून या, मासे-भात खा आणि लवकर झोपा. आदल्या रात्रीची बिअर घरी परतल्यावर. दारूने अंगातलं पाणी कमी होतं, आणि कोरड्या अंगाने डाइव्ह केलं की डीकॉम्प्रेशन आजाराचा, म्हणजे वर येताना अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो.

फोनवर विचारायचे प्रश्न

दर विचारण्याआधी हे विचारा: सर्टिफाइड डायव्हरांसाठी वेगळा गाइड आहे का? नेत्राणीच्या बोटीत पहिल्यांदा पाण्यात उतरणारे, स्नॉर्कलिंगवाले आणि कार्डवाले असे तिन्ही प्रकार एकत्र असतात. माझ्या दुसऱ्या ट्रिपला एका सेंटरने आठ कार्डवाल्यांमागे एकच गाइड दिला होता. पाण्यात तो पुढे, आणि मागे आमची वरात. सगळ्यात मागे मी, आणि मला दिसत होत्या फक्त इतरांच्या फिनने उडवलेल्या वाळूच्या ढगातल्या सावल्या. चार जणांमागे एक गाइड हे माझ्या मते बरं प्रमाण. सहा चालून जातील. आठ म्हणजे नाही म्हणायचं.

दुसरा प्रश्न, बोटीवर ऑक्सिजन किट आहे का, आणि ते वापरता येणारा माणूस आहे का? उत्तर देताना समोरचा अडखळला तरी पुष्कळ कळतं. तिसरा, दरात काय काय येतं? दोन टँक, वेट (कमरेला बांधायची शिशाची वजनं), गाइड, जेवण हे बहुधा असतं. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), वेटसूटचं भाडं आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली नि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) वेगळे असू शकतात. कॉम्प्युटर प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो का ते नक्की विचारा. 'गाइडकडे आहे' हे उत्तर पुरेसं नाही. गाइड तुमच्या दोन मीटर वर असेल तर त्याचा कॉम्प्युटर तुमची खोली मोजत नाही.

ते तुम्हालाही प्रश्न विचारतील: कार्ड कोणतं, आतापर्यंत किती डाइव्ह, शेवटचा कधी. इथे शेखी मिरवू नका. शेवटचा डाइव्ह होऊन सहा-आठ महिने झाले असतील तर रिफ्रेशर घ्या. मुंबई-पुण्यात तरणतलावात अर्ध्या दिवसात होतो. मास्क पाण्याखाली काढून परत घालणं आणि रेग्युलेटर तोंडातून काढून परत पकडणं, या दोन गोष्टी हाताला आठवल्या पाहिजेत, डोक्याला नाही.

वैद्यकीय फॉर्म येतो. त्यात दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाच्या गोळ्या यांबद्दल प्रश्न असतात. एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते. 'नाही' लिहून मोकळं व्हायचा मोह सगळ्यांना होतो. पण तो फॉर्म सेंटरचा नाही, तुमच्या फुप्फुसांचा आहे. गरोदरपणात डाइव्ह करायचाच नाही. पाळीच्या दिवसांत चालतो.

सर्दी झाली असेल तर घरी बसा. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणारे हुशार लोक असतात. गोळीचा असर खाली असताना उतरला की वर येताना कानातली किंवा सायनसमधली हवा कोंडते. जाताना न दुखलेला कान येताना दुखायला लागतो, आणि तेव्हा खाली राहायला हवाही उरलेली नसते.

बॅगेत काय

कार्ड, फोनमधलं चालतं. लॉगबुक. स्वतःचा मास्क. बाकी सगळं भाड्याने घ्या, पण मास्क स्वतःचा असावा, कारण चेहरा आपलाच असतो. नवा मास्क असेल तर काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातला एक अदृश्य थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं जमतच राहणार. रोजच्या धुक्यासाठी लहान मुलांचा शाम्पू, नाहीतर सगळ्यात जुना उपाय, थुंकी. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी येणारच. मान किंचित वर, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकातून फुंकायचं, हे जमलं की मिशी ठेवायला हरकत नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे सनस्क्रीन फासायची वेळ फारशी येत नाही. टॉवेल, कोरडे कपडे, टोपी, पाण्याची मोठी बाटली. बोट लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ती आदल्या सुट्टीत कधीतरी जमिनीवर घेऊन बघा. काहींना तिने इतकी गुंगी येते की पाण्यात उतरणं शहाणपणाचं राहत नाही. सकाळी इडली किंवा पोहे, थोडेसेच. तळलेल्या पुऱ्या नकोत. रिकामं पोटही नको.

बोटीवर

मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावरून बोट सुटली की तास-दीड तासाचा प्रवास असतो. पहिली वीस मिनिटं सगळे फोटो काढतात, नंतर हळूहळू आवाज कमी होतो. बोट लागणाऱ्यांनी मागच्या बाजूला, इंजिनाच्या धुरापासून लांब, क्षितिजाकडे बघत बसावं. फोनमध्ये डोकं घालू नये. उलटी झालीच तर होऊ द्या, कुणी हसत नाही. पाण्याखाली झाली तरी रेग्युलेटर तोंडातच ठेवून करायची. त्यातून ती बाहेर जाते, मग रेग्युलेटर समोरचं बटण दाबून साफ करायचा आणि श्वास चालू. मासे जमतात, एवढंच.

बेट जवळ आलं की ब्रीफिंग होतं. कोणत्या बाजूला वारा आणि प्रवाह कमी आहे ते बघून गाइड जागा ठरवतो. नेत्राणीच्या जागांना डायव्हरांनी नावं ठेवलीत: ग्रँड सेंट्रल, नर्सरी वगैरे. ब्रीफिंगच्या वेळी गो-प्रो चालू करण्यात वेळ घालवू नका. पाच गोष्टी कानात साठवा: कमाल खोली, किती बारला (टँकमधल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात) वळायचं, किती बारला वर यायचं, प्रवाह कुठल्या दिशेने, आणि हरवलो तर काय. ओपन वॉटर कार्डावर मर्यादा 18 मीटरची. गाइड म्हणाला 'बाकीचे 24 ला जातायत, तुम्हीही चला', तरी तुमचं कार्ड बदलत नाही.

खुणा आधी पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चला'. पहिल्या ट्रिपला मी सुंदर कासव दाखवल्याबद्दल गाइडला खुशीत अंगठा दाखवला. त्याने डोळे मोठे केले, माझं गेज (उरलेली हवा दाखवणारा काटा) बघितलं, दंड धरला आणि वर न्यायला निघाला. कासव खालीच राहिलं. 'छान' किंवा 'ठीक' याला अंगठा-तर्जनीचा गोल. 'गडबड आहे' याला आडवा पंजा डुलवायचा आणि मग कुठे गडबड आहे तिकडे बोट. 100 बारला दोन्ही हातांचा टी, 50 बारला बंद मूठ. काही सेंटरांत थोडा फरक असतो, म्हणून विचारायचं.

आता सामान जोडणं. बोटीवरची मुलं झटपट सगळं जोडून देतात. नम्रपणे सांगा, 'दादा, माझं मी जोडतो, तुम्ही फक्त बघा.' वेळ लागेल, चालेल. बीसीडी टँकला घट्ट, मग रेग्युलेटर लावायचा. त्याआधी टँकच्या तोंडातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा, चिरलेली असेल तर हवा चालू केल्याबरोबर सापासारखा फुत्कार ऐकू येतो. हवा उघडल्यावर दोन्ही रेग्युलेटरमधून श्वास घ्या आणि श्वास घेताना डोळे गेजवर ठेवा.

हे शेवटचं वाक्य मी कारणाने लिहिलंय. माझ्या मैत्रिणीने पाण्यात उडी मारण्याआधी दोन श्वास घेतले, हवा आली, ती खूश. मी सहज तिच्या गेजकडे बघितलं. काटा 200 वर होता, तिने श्वास घेतला की 120 वर कोसळायचा, सोडला की परत 200. कुणीतरी टँकची चावी अर्धा फेरा उघडून सोडून दिली होती. वरच्या हवेत एवढी धार पुरते. 15 मीटरवर प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा लागते, तिथे ती पुरली नसती. चावी पूर्ण उघडा. काटा स्थिर राहिला पाहिजे, त्याने नाच केला तर उतरायचं नाही.

मग जोडीदाराची तपासणी. बीसीडी फुगतो का आणि रिकामा होतो का, वेट बेल्ट एका हाताने सुटतो का, सगळी बकलं कुठे आहेत, दोघांची हवा किती आणि दुसऱ्याचा जादा रेग्युलेटर कुठे लटकतोय. शेवटी मास्क, फिन, कॉम्प्युटर. एक मिनिटाचं काम. लाजायचं कारण नाही. जुने डायव्हर हे करताना दिसत नाहीत, कारण ते कोपऱ्यात उभे राहून गुपचूप करतात. काही करतही नाहीत, त्यांच्याकडे बघू नका.

वेट किती

नव्यांच्या निम्म्या अडचणी कमरेला बांधलेल्या शिशाच्या असतात. जास्त वेट लावलं की माणूस बुडतो, मग बीसीडीत हवा भरतो, मग तरंगतो, मग हवा सोडतो, आणि पूर्ण डाइव्ह लिफ्टसारखा वर-खाली करतो. मला पहिल्या ट्रिपला 10 किलो बांधले होते, 'मॅडम, खाली जायला सोपं पडेल' म्हणून. खाली गेले, खरंच सोपं गेलं. दगडासारखी. आता त्याच 3 मिलिमीटरच्या सूटमध्ये मला 5 पुरतात.

तपासायची रीत अशी: बोटीजवळ पाण्यात उभे राहा, रेग्युलेटर तोंडात, साधा श्वास आत घेऊन थांबा, बीसीडीतली सगळी हवा सोडा. पाणी डोळ्यांच्या रेषेवर आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. टँक भरलेला असेल तर याच्यावर आणखी दोनेक किलो. का, तर आपल्याकडचा नेहमीचा ॲल्युमिनियमचा टँक 200 बारला साधारण 2,200 लिटर हवा धरतो आणि हवेलाही वजन असतं. डाइव्हच्या शेवटी टँक सुमारे दोन किलोने हलका झालेला असतो. नेमकं तेव्हाच 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. सुरुवातीला वेट कमी ठेवलं तर शेवटी बुचासारखे वर.

उतरताना

बोटीच्या काठावरून मोठं पाऊल टाकून किंवा मागे कलंडून, जे सांगतील तसं. मास्क आणि रेग्युलेटर हाताने धरून. पाण्यात पडल्यावर ठीक असल्याची खूण, मग जोडीदार दिसला पाहिजे. बहुतेक वेळा नांगराच्या दोराला धरून उतरतात. नव्यांना दोर म्हणजे देव. लाजू नका, धरा.

कान पहिल्या पाच मीटरमध्ये बोलतात, कारण दाबातला सर्वांत मोठा बदल तिथेच होतो. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, आणि पुढच्या 10 मीटरमध्ये तो दीडपटच वाढतो. पाण्याच्या वर असतानाच एकदा नाक दाबून हलकेच फुंका, आणि मग प्रत्येक अर्ध्या मीटरला. कान दुखायच्या आत करायचं, दुखल्यावर नाही. नाही मोकळा झाला तर एक मीटर वर या, पुन्हा करा. गाइड खाली थांबतो, त्याला हात दाखवा, कानाकडे बोट करा. जोर लावून फुंकायचं नाही. चार-पाच प्रयत्नांत नाहीच जमलं तर आजचा डाइव्ह तुमचा नाही. हे मला पटायला दोन दिवस कानात दडे घेऊन फिरावं लागलं.

पहिली दोन मिनिटं काही बघू नका. फक्त श्वास. माणूस घाबरला की भरभर घेतो आणि अर्धवट सोडतो. लांब सोडा. सोडला की आतला आपोआप येतो. आणि कितीही झालं तरी श्वास अडवायचा नाही. 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट होते, तिला वाट हवी.

खाली

मग मान वर करा. 15 मीटरवर लाल रंग गेलेला असतो, तो पहिल्या पाचेक मीटरमध्येच संपतो. माझ्या बोटाला खडकाची धार लागून थेंबभर रक्त आलं होतं, ते हिरवं दिसलं. वस्तू प्रत्यक्षापेक्षा एक तृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणून 'एवढा मोठा गोबरा' ही बोटीवरची गोष्ट थोडी कापून ऐकावी. आवाज कुठून आला ते कळत नाही. पाण्यात तो हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो आणि दोन्ही कानांत जवळपास एकाच वेळी पोचतो. गाइड टँकवर टकटक करतो तेव्हा सगळे गोल फिरून शोधत बसतात.

नेत्राणीत काय दिसतं? खडकांचे मोठे धोंडे, त्यांच्या सावलीत गोबरे, तांबोशीचे थवे, बराकुडा, पोपटमासे, वाळूत अर्ध्या गाडलेल्या पाकटी, कपारीत शेवंड, कधी कासव, कधी काळ्या टोकाचा छोटा शार्क. माझ्यासारख्या मासे खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त मोडुशाने चकवलं. ताटातला काप ओळखीचा होता. पूर्ण जिवंत, हातभर लांब, अंगावरची काळी पट्टी लखलखवत माझ्या बाजूने गेला तेव्हा मी त्याला शार्क समजले.

एक दृश्य सांगते. एका कपारीत मोरे ईल तोंड उघडून बसली होती. फोटो बघून वाटतं ती चावायच्या बेतात आहे. ती श्वास घेत असते, पाणी गिळून गिळून. तिच्या जबड्यात एक कोळंबी, आगपेटीच्या काडीएवढी, दातांमधून काहीतरी टिपत चालली होती. ईलने जबडा मिटला नाही. कोळंबी गालाच्या आत गेली, बाहेर आली, दुसऱ्या बाजूला गेली. मी तिथे किती वेळ होते कळलं नाही. गेजने सांगितलं, 40 बार खर्च झाले.

म्हणून गेज. दर तीन-चार मिनिटांनी बघायचं, स्कूटर चालवताना आरशात बघतो तसं. हिशेब असा: नवा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा खातो. 15 मीटरवर अडीचपट, म्हणजे 50. टँकमधल्या 200 बारपैकी 50 राखीव ठेवले तर वापरायला 150 बार, म्हणजे साडेसोळाशे लिटर. भागिले 50, तेहेतीस मिनिटं. तुमचा गाइड मिनिटाला 12 लिटरवर भागवत असेल तर त्याला तिथेच पंचावन्न मिनिटं मिळतात. म्हणजे तुमची हवा त्याच्या किती तरी आधी संपणार, आणि त्याला ती तुमच्याइतकी जवळून दिसत नाही. तो विचारायची वाट बघू नका. 100 झाले की आपणहून टी दाखवा, 70 झाले की पुन्हा सांगा. 'माझ्यामुळे सगळ्यांचा डाइव्ह लवकर संपेल' या संकोचाने मी एकदा 30 बारवर बोटीला पोचले होते. गाइडने वर आल्यावर माझं गेज हातात धरून बघितलं, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या डाइव्हला मला स्वतःच्या शेजारी ठेवलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

कशालाही हात लावू नका. हे नुसतं निसर्गप्रेम नाही. खडकाच्याच रंगाचे विंचूमासे तिथे दगडासारखे बसलेले असतात आणि त्यांचे काटे विषारी. सिंहमासाही तसाच, तो निदान दिसतो तरी. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत, तुटलेला तुकडाही खिशात नको. आणि नेत्राणीवर नौदल पूर्वी तोफांचा सराव करत असे. तळाशी गंजलेलं धातूचं नळकांडं दिसलं तर आठवण म्हणून उचलायला जाऊ नका, लांबून गाइडला दाखवा.

जोडीदार दिसेनासा झाला तर जागेवर गोल फिरून, वर-खाली बघत एक मिनिट शोधा. नाही सापडला तर हळूहळू वर. तोही तेच करत असतो, हे गृहीत धरून. खाली अर्धा तास शोधत बसलात तर इतरांना तुम्हा दोघांनाही शोधावं लागतं.

वर येताना आणि मध्ये

मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने नाही. सर्वांत छोट्या बुडबुड्याच्या मागे मागे यायचं, असं शिकवतात, पण कॉम्प्युटर जास्त खरा. तो ओरडला की थांबा. बीसीडीत हवा भरून वर यायचं नसतं, उलट वर येता येता ती फुगते म्हणून थोडी थोडी सोडत यायचं. डावा हात वर, सोडायची नळी हातात. 5 मीटरवर तीन मिनिटं. शेवटचे 5 मीटर सगळ्यात सावकाश, आणि मान वर. डोक्यावर बोट असू शकते.

मधल्या तासाभरात पाणी प्या, फळं-बिस्किटं खा, वारा लागत असेल तर सूटवर कोरडा शर्ट घाला. दुसरा डाइव्ह पहिल्यापेक्षा उथळ, बहुधा 10-12 मीटरचा. थकवा असेल, डोकं दुखत असेल, नुसतंच मन नसेल तर दुसरा करू नका. 'नको' म्हणायला कारण द्यावं लागत नाही, हा डायव्हिंगमधला न लिहिलेला पण सगळ्यांना मान्य असलेला नियम आहे. पैसे परत मिळत नाहीत, ते वेगळं.

परतीचा प्रवास, आणि घाट

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, दोन किंवा जास्त केले तर किमान 18. मी सरळ 24 धरते. पण आपल्याकडच्या लोकांना घाट आठवत नाही. मुरुडेश्वर समुद्रसपाटीला. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, बेंगळुरू नऊशेच्या वर, कोल्हापूर आणि पुणे साडेपाचशेच्या घरात. रविवारी दुपारी डाइव्ह संपवून रात्री कार घाटात घालणं म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन घेऊन कमी दाबात चढणं. आमच्या पुण्याच्या पाच जणांच्या गाडीत हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं, आम्हाला गाइडने जेवताना सहज विचारलं, 'आज राहताय ना?' आम्ही राहिलो. ती रात्र ट्रिपच्या खर्चात आधीच धरा, घाटाला विमानाचाच नियम लावा. मुंबईकडच्यांना रेल्वे बरी, किनाऱ्याच्या बाजूबाजूने जाते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सांधे ठसठसणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, किंवा झोपूनही न जाणारा विचित्र थकवा यातलं काही वाटलं तर 'खांदा भरला असेल' म्हणून बाम चोळत बसू नका. सेंटरला फोन, ऑक्सिजन, रुग्णालय, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की काल डाइव्ह केला होता. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा, म्हणजे डॅनचा विमा आधी काढलेला असेल तर त्यांची आणीबाणीची लाइन चोवीस तास असते. साधा प्रवासविमा स्कूबा धरतोच असं नाही, त्यातली बारीक अक्षरं वाचा.

सामान गोड्या पाण्यात बुडवून धुवा, आणि धुताना रेग्युलेटरच्या तोंडावरची टोपी लावलेली आहे ना बघा. मग लॉगबुक त्याच संध्याकाळी. मासे कुठले दिसले ते नंतरही आठवतं. वेट किती लावलं, सूट किती जाडीचा, पाण्याचं तापमान, किती बारवर सुरू, किती बारवर संपलं, हे आठवत नाही, आणि पुढच्या ट्रिपला बोटीवरचा दादा तेच विचारतो. माझ्या वहीत नेत्राणीच्या पहिल्या पानावर 'वेट: 10' आहे, आणि पुढे शिसपेन्सिलीने तीन उद्गारचिन्हं.